रेवणप्पांची आतली माळ

"हाललं का?" काशिनाथअण्णा विचारत होते. मांडवातल्या स्पीकरच्या पाठीमागचं गोल चुंबक त्यांनी उचकटून घेतलं होतं आणि ते रेवणप्पांच्या छातीवरून, सदऱ्याच्या आत हात घालून, वरखाली फिरवत होते. "दाजी, आत काय हाललं का?"

रेवणप्पांना बोलता येत नव्हतं. शेंगाच्या पोळीचा घास त्यांच्या छातीत अडकला होता. श्वास चालू होता, पण थुंकीसुद्धा खाली जात नव्हती. ती ओठांतून गळत होती, आणि त्यांची बायको महादेवी अक्का पितळी तांब्या त्यांच्या हनुवटीखाली धरून उभी होती. अर्धी पंगत उठली होती. उरलेली अर्धी जेवता जेवता बघत होती.

"चुंबकाला दोन बाजू असत्यात अण्णा," मांडववाला म्हणाला. "एक वढती, एक ढकलती. तुमी वढायची धरलाव."

"मग ढकलायची कुठली?"

सगळे माझ्याकडं वळले. "नर्सबाई, कुठली बाजू?"

मी नर्स नव्हते. मी राजेश्वरला रेवणप्पांच्या गिरणीत मिरचीचे देठ काढणारी बाई. पण मांडवात मी नर्स होते, अंगावर पांढरं लुगडं होतं, त्यामुळं काहीतरी सांगणं भाग होतं.

"चुंबक काढा आन् परत स्पीकरला लावा," मी म्हणाले. "गाणं बंद पडलंय."

रेवणप्पांच्या छातीत, अन्ननळी जिथं पोटाला मिळते तिथं, मण्यांची एक छोटी माळ बसवलेली होती. मणी चुंबकाचे. घास आला की मणी एकमेकांपासून सरकायचे, घास पोटात गेला की पुन्हा चिकटायचे. त्यामुळं पोटातलं आंबट पाणी वर येत नाही. हैदराबादच्या एका डॉक्टरनं पोटाला बारीक भोकं पाडून ती आत बांधली होती. माळ चांगली होती. माळेची काही चूक नव्हती.

रेवणप्पांची मिरची कांडपाची गिरणी राजेश्वरच्या बाजाराच्या वाटेवर होती. आत गेलं की नाकात खकाणा जायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचं. नवीन माणूस दारातूनच परत फिरायचा. रेवणप्पा मात्र आत बसून, प्रत्येकाचं तिखट कुटून झालं की चिमूटभर जिभेवर ठेवून बघायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "अप्पा, कसं हाय?" ते डोळे मिटायचे, टाळू वाजवायचे आणि सांगायचे, "ह्यात लवंगी जास्त हाय, सुनंला चारू नको." दिवसभरात असं पंधरा-वीस घरचं तिखट त्यांच्या पोटात जायचं. आणि दिवसभर छातीवर हात चोळत ते म्हणायचे, "सोजर, हे छातीत कामून जळायलंय कळंना."

मी म्हणायची, "अप्पा, मिरची."

"मिरचीचा काय संबंध?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मिरचीचा कशाशीच संबंध नव्हता. जळजळ होण्याची कारणं त्यांच्याकडं भरपूर होती. बीदरच्या तळावरून विमानं उडायची आणि कधी कधी आमच्या डोक्यावरून घुमत जायची. त्या आवाजानं पोट ढवळतं म्हणायचे. नवीन फरशी बसवली ती थंड होती, तिच्यामुळं आग वर चढते. मेव्हणे काशिनाथअण्णांचा फोन आला की हमखास. काशिनाथअण्णा दुबलगुंडीला राहायचे, कधीच्या तरी रुसव्यामुळं राजेश्वरला पाय टाकत नव्हते, तरी पाच कोसांवरून ते रेवणप्पांच्या पोटात पित्त करायचे.

त्यांचा ढेकर सगळ्या गल्लीला ओळखीचा होता. मोठा, लांब, आणि शेवटी आंबट. आंबट झाला की त्यांचा एक डोळा आपोआप मिटायचा. बायका सांगायच्या, अप्पाचा दुसरा ढेकर झाला, आता भात टाकायला पाहिजे. ते स्वतः ढेकराला फार मानायचे. ढेकर आला म्हणजे आतली वाट मोकळी आहे, असं त्यांचं शास्त्र.

कुणीतरी त्यांना सांगितलं की झोपताना डोकं उंच पाहिजे, म्हणजे आंबट पाणी वर चढत नाही. सांगणाऱ्याचं बरोबर होतं. पण रेवणप्पांना कुठलीही गोष्ट थोडी करता येत नसे. त्यांनी खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या. एक झाली, दोन झाल्या, बरं वाटलं म्हणून आणखी लावल्या. शेवटी खाट म्हणजे घसरगुंडी झाली. दुपारी आडवे झाले की ते हळूहळू खाली सरकायचे आणि पाय जमिनीला लागले की जागे व्हायचे. मग त्यांनी काखेतून उपरणं घेऊन स्वतःला उशाकडच्या दांडीला बांधून घेतलं. तसे ते गाढ झोपले असताना उदगीरकडचा एक मिरचीवाला आला. त्यानं बघितलं, अप्पा खाटेला बांधलेले, मान लोंबलेली, आणि शेजारी महादेवी अक्का भाजी चिरत बसलेल्या, हातात चाकू. तो मिरचीची पोती तशीच टाकून चावडीकडं पळाला. चार माणसं घेऊन आला. माणसांनी अक्कांची समजूत घातली, की अक्का, संसारात असं होत असतं, पण माणसाला बांधायचं नसतं.

अक्का म्हणाल्या, "बांधलं न्हाई तर निसटतंय वो."

ह्या घराला एक रीत होती. रेवणप्पांनी दीक्षा घेतलेली. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ते तोंडात काही घालत नसत. नुसतं तिखट चाखायचे ते थुंकून टाकतो म्हणायचे. कुठं थुंकायचे ते मी कधी बघितलं नाही. पूजा लहान नव्हती. हातावरच्या लिंगाकडं बघत बसले की गिऱ्हाईक बाहेर ताटकळायचं. दिवसातून दोनदा जेवण, दोनदा अंघोळ, दोनदा पूजा. ह्यात कधी खंड नाही.

दुसरी एक रीत होती, ती कुणी सांगितलेली नव्हती. आमची घरं समोरासमोर. आम्ही बौद्ध, ते बसवण्णांचे. गिरणीत बसून ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्यात भेद न्हाई. माणूस तितका सारखा." आणि सांगताना माझ्याकडं बघायचे, मी ऐकते का म्हणून. मी ऐकायचे. पण माझ्या घरचा चहा त्यांनी कधी घेतला नव्हता. पोराच्या लग्नात नाही, पौर्णिमेच्या खिरीला नाही. "घेतलं असतं सोजर," ते म्हणायचे, "पण छातीत जळजळ हाय." आणि जळजळ खरंच असायची. निमित्त खोटं नव्हतं, हीच अडचण होती.

पुढं जळजळ इतकी वाढली की गोळ्या खाऊनही भागेना. आवाज बसला. खाटेला बांधलेले असतानाही खोकत उठायचे. हैदराबादला राहणारी लेक येऊन त्यांना घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं दुर्बीण घालून बघितलं आणि सांगितलं, झडप ढिली झालीय, नळी आतून सोलपटलीय, असंच चाललं तर पुढं वाईट होईल. दोन उपाय आहेत. एक, पोटाचाच वरचा भाग नळीभोवती गुंडाळायचा. दुसरा, मण्यांची माळ.

रेवणप्पांनी एकच प्रश्न विचारला. "ढेकर येईल का?"

डॉक्टर म्हणाला, गुंडाळलं तर अवघड आहे. माळेत येईल.

"माळ घाला," रेवणप्पा म्हणाले.

ते परत आले तेव्हा सगळी गल्ली ढेकराची वाट बघत ओट्यावर बसली होती. तिसऱ्या दिवशी आला. बारीक, कोरडा, सभ्य. दोन्ही डोळे उघडे. रेवणप्पा स्वतःच दचकले आणि म्हणाले, "हा माझा न्हाई."

जळजळ मात्र थांबली होती. मी वाट बघत होते, आता चहाला काय निमित्त सांगतात ते.

पहिले काही दिवस लोखंडात गेले. डॉक्टरनं सांगितलं होतं की एमआरआयचं मशीन असतं, त्यात जाण्याआधी माळेचं सांगा. बाकी घरात काही भिण्यासारखं नाही. पण अक्कांनी मशीन सोडलं आणि चुंबक तेवढं धरलं. विळी माझ्याकडं आणून ठेवली. तवा ठेवला. कात्री, अडकित्ता, उलथनं ठेवलं. स्वतःच्या झंपराच्या पिना काढून टाकल्या आणि दोऱ्यानं टाके घालून हिंडायला लागल्या. रेवणप्पा रस्त्यात ट्रॅक्टर दिसला की पलीकडच्या कडेनं जायचे. एकदा गिरणीच्या लोखंडी दाराला त्यांचा सदरा खिळ्यात अडकला तर जागेवर उभं राहून ओरडले, "सोजर! वढून घेतलं! वढून घेतलं मला!" मी खिळ्यातून सदरा सोडवला. ते छाती चाचपत म्हणाले, "जोर हाय पण माळंत."

खरी पंचाईत पुढं होती. डॉक्टरनं सांगितलं होतं, माळेभोवती आत कातडं धरायला लागेल. ते घट्ट होऊ नये म्हणून मणी हालते राहिले पाहिजेत. आणि मणी घासानं हालतात. "अप्पा, जागे हैं तब तक हर घंटे को दो निवाले खाना. पतला नक्को, रोटी खाना. चबाके. भूलना नक्को." नाहीतर घास अडकेल. फारच झालं तर माळ काढावी लागेल.

तासाला दोन घास. आणि पूजेशिवाय घास नाही. आणि अंघोळीशिवाय पूजा नाही.

रेवणप्पांनी दुसरा विचारच केला नाही. सकाळी अंघोळ, पूजा, दोन घास. अंग पुसून गिरणीत येऊन बसायचे तोवर अक्का हाक मारायच्या, "पाणी काढलंय वो!" परत अंघोळ, परत विभूती, परत पूजा, दोन घास. दुपारपर्यंत त्यांची बोटं पाण्यात ठेवलेल्या बदामासारखी झाली. अक्का चुलीपुढून उठेनात. जळणाचा ढीग बसला. बेलाच्या झाडाला खालच्या अंगाला पान राहिलं नाही. आमच्या गिरणीत लोक मिरचीनं शिंकतात, हे पाण्यानं शिंकू लागले. आणि शिंक आली की छाती धरून म्हणायचे, "माळ सुटंल, माळ सुटंल."

मी म्हणाले, "अप्पा, अंघोळीनं मरताव तुमी. माळ राहील जिवंत."

मग ते मठात गेले. मठातल्या स्वामींनी सगळं ऐकून घेतलं. ते समजूतदार होते. म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलेले दोन घास म्हणजे औषध. औषधाला पूजा लागत न्हाई. खा."

दुसरा कुणी असता तर घरी येऊन भाकर खाल्ली असती. रेवणप्पा रस्ताभर विचार करत आले. माझ्या दारापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "सोजर, आमच्या चुलीवरची भाकर लिंगाला दाखवून खायची भाकर हाय. जन्मभर ती जेवण म्हणून खाल्ली. ती आता औषध कशी होईल? डबल खोटं होतंय ते."

"मग?"

"औषध भायेरून आणत्यात," ते म्हणाले. "दवाखान्यातून. दुकानातून. घरात कुणी औषध करतंय का?"

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी भाकर थापत होते ती तशीच राहिली. पिढ्यान् पिढ्या माझ्या घरचं ज्यांना चाललं नाही, त्यांना माझी भाकर चालणार होती, कारण ती जेवण नव्हती.

"तवा?" त्यांनी हळूच विचारलं. "म्हंजे, ह्या तव्यावर..."

"भाकरीचा तवा वेगळा हाय. तुमच्यासाठी न्हाई, भाकरीसाठी. आन् दुसरा तुमच्याच घरचा हाय, अक्कानं आणून ठेवलाय. कुठल्यावरचं औषध पाहिजे?"

"माझा कशाला," ते म्हणाले. "आमचा चालत न्हाई."

तेव्हापासून मी सकाळी ज्वारीच्या दोन भाकरी जास्त करायची, त्यांचे तुकडे करून कागदाच्या पुड्या बांधायची, कंपाउंडर बांधतो तशा. पुडी पाहिजे असं त्यांचंच म्हणणं. पहिल्या दिवशी गिरणीच्या दारात उभं राहून, डोळे मिटून, कडू औषध घ्यावं तसं तोंड करून त्यांनी माझी भाकर खाल्ली. आठवड्यात माझ्या ओट्यावर बसून खाऊ लागले. मग ऊन लागतं म्हणून आत आले. मग पुडी मागं पडली. मी ताटलीत द्यायला लागले.

"आज औषध खरपूस झालंय," असं म्हणायचे.

एकदा म्हणाले, "सोजर, कोरडं औषध उतरत न्हाई. त्या गाडग्यात काय हाय?"

"शेपूची भाजी."

"औषधाबरोबर चालतंय का ते?"

"मी डॉक्टर हाय का अप्पा?"

"घाल थोडी. पथ्य म्हणून."

अक्कांना हे सहन होत नव्हतं. भेदाचं काही नव्हतं, त्या बाईला भेद करायला सवडच नव्हती. त्यांचं दुःख वेगळं. दारात येऊन म्हणायच्या, "इतकी वर्षं माझ्या भाकरीनं ह्यांची छाती जळली आन् तुझ्या भाकरीनं बरं वाटायलंय! काय घालतीस गं त्यात?"

"पाणी आन् ज्वारी."

"मी काय सिमेंट घालतेय का?"

एवढं सगळं नीट चाललं असतं. पण काशिनाथअण्णांच्या लेकीचं लग्न निघालं, दुबलगुंडीला. अण्णांनी रुसवा सोडून स्वतः फोन केला. जायलाच पाहिजे होतं. दोन दिवस राहायचं. आणि तासाला दोन घास कुठून आणायचे? सगळ्या पै-पाहुण्यांत माझ्या घरची भाकर खायची, म्हणजे ती औषध आहे हे सगळ्यांना समजावून सांगायचं. रेवणप्पा म्हणाले, "लोक खुळे असत्यात सोजर. त्यांना एवढं बारीक कळत न्हाई."

तोड अक्कांनी काढली. "हिला नर्स म्हणून न्हेऊ. ऑपरेशनचा माणूस हाय, नर्स असतीच बरोबर. पुड्या नर्सच देती."

पांढरं लुगडं माझ्याकडं होतं. आम्ही बुद्धपौर्णिमेला नेसतो. ते नेसून, पिशवीत भाकरीच्या पुड्या घेऊन मी लग्नाला गेले.

पहिला दिवस बरा गेला. उलट फारच बरा गेला. तास झाला की मी रेवणप्पांना पुडी द्यायचे, आणि माझ्यापुढं रांग लागायची. कुणाचा गुडघा, कुणाचं डोकं, कुणाला पोर होत नव्हतं. एका म्हाताऱ्यानं मनगट पुढं केलं, ते मी धरलं आणि सांगितलं, "चालायलीय नाडी." त्याला फार समाधान वाटलं. काशिनाथअण्णा सगळ्यांना सांगत होते, "दाजीनं बीदरची नर्स ठिवलीय. तिकडं घरातच राहती."

संध्याकाळी अक्कांची आत्या माझ्यासमोर येऊन बसली. डोळ्यांनी अधू, पण जवळून सगळं दिसायचं. माझ्या हाताची बोटं उलटी करून बघितली. मिरचीच्या देठांनी बोटांची टोकं लाल-काळी पडतात, ती धुतल्यानं जात नाहीत.

"तू गिरणीतली सोजर न्हाईस का?" ती म्हणाली. "माझं आमटीचं येसर तुझ्याच समोर कुटलेलं."

मी व्हय म्हणाले. खोटं बोलायची बोली फक्त रांगेपुरती होती.

आत्या उठली आणि रेवणप्पांकडं गेली. मी ऐकत होते. तिनं आरडाओरडा केला नाही. म्हणाली, "रेवणप्पा, लग्नघर हाय म्हणून गप बसते. पण आता हिच्या हातची पुडी तोंडात घातलीस तर पंगतीत सांगते."

पुढचा तास झाला. मी पुडी घेऊन गेले. ते खांबाला टेकून बसले होते, भोवती पाहुणे.

"भूक न्हाई," ते म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

"ही भुकंसाठी न्हाई अप्पा. औषध हाय."

"नको म्हणलं की."

परत गेले. परत नको. भूक नाही म्हटल्यामुळं रात्रीच्या पंगतीलाही त्यांना बसता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नघरात अंघोळीला पाणी नव्हतं, सगळं नवरीकडं गेलेलं. अंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून जेवण नाही, आणि औषध तर माझ्या पिशवीत. मी अक्कांना म्हणाले, "डॉक्टरनं काय सांगितलं होतं, आठवतंय ना?" त्या जाऊन नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलल्या आणि रडवेल्या होऊन परत आल्या. मी पुड्या सोडून कोंबड्यांना टाकल्या. शिळ्या झाल्या होत्या.

अक्षता पडल्यावर त्यांना एक बादली पाणी मिळालं. अंघोळ केली, पूजा केली, आणि काल संध्याकाळपासून उपाशी असलेला माणूस पंगतीला बसला. शेंगाची पोळी जाड होती. त्यांनी ती चौकोनी घडी करून तोंडात घातली. मला समोरून दिसत होतं. मी म्हणाले, "अप्पा, चावून." त्यांनी ऐकलं नाही किंवा ऐकायचं नव्हतं. मग त्यांचे डोळे मोठे झाले आणि हात छातीवर गेला.

चुंबकाचं पहिल्यांदा सांगितलंच.

जीपमध्ये मी, अक्का, काशिनाथअण्णा आणि आत्या. आत्या का आली ते तिचं तिला माहीत. अप्पांच्या लेकीनं हैदराबादहून त्या डॉक्टरला फोन लावून दिला. तो म्हणाला, पाणी पाजू नका, आडवं करू नका, मिळेल त्या जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. थुंकी श्वासात गेली तर माणूस जातो. बीदर येईपर्यंत रेवणप्पा तांब्यात तोंड धरून वाकून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला घशातून घरघर व्हायची आणि अक्का किंचाळायच्या, "गेलं का हो?" कशाबद्दल विचारायच्या कळत नव्हतं, घासाबद्दल का नवऱ्याबद्दल. चेहरा राखेसारखा झालेला. एकदा त्यांनी माझ्याकडं बघून पुडी उघडल्यासारखा हात केला.

"आता कशाला?" मी म्हणाले. "आत जागा कुठंय?"

बीदरला तरुण डॉक्टर होता. काशिनाथअण्णांनी आधीच सांगून टाकलं, पेशंटची नर्स बरोबर आहे. डॉक्टर माझ्याकडं वळला.

"काय काय चालू आहे यांना?"

"भाकर."

"औषध कुठलं विचारतोय."

"ज्वारीची."

"डोस?"

"तासाला दोन तुकडे. कधी शेपूची भाजी."

त्यानं माझ्याकडं, मग माझ्या बोटांकडं बघितलं आणि आत गेला. आत रेवणप्पांच्या गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. त्यांनी डबी काढू दिली नाही. शेवटी लिंग मुठीत धरलं आणि मूठ मिटून डाव्या कुशीवर झोपले. आम्ही बाहेर. अक्का भिंतीला डोकं लावून एकसारखं म्हणत होत्या, "माझ्या भाकरीत काय वाईट होतं?" काशिनाथअण्णांच्या खिशात ते चुंबक अजून होतं. त्याला किल्ल्यांचा जुडगा चिकटला होता, तो ते ओढून काढत होते आणि तो परत चिकटत होता.

खूप वेळानं दार उघडलं. घास काढला होता. माळ जागेवर होती. डॉक्टर चिडलेला होता. त्यानं आम्हाला सगळ्यांना आत उभं केलं आणि रेवणप्पांच्या तोंडावर सांगितलं की हा माणूस आज गेला असता. उपाशी राहिल्यामुळं झालं. मणी हालले नाहीत, वर एवढा मोठा घास. परत असं झालं तर माळ काढावी लागेल, आणि तेसुद्धा आतली नळी तोवर फाटली नाही तर.

"ह्यांना तासातासाला खायला कोण देतं?" त्यानं विचारलं. "ज्यानं ती जबाबदारी घेतलीय त्याच्याशी मला बोलायचंय."

 आत्या माझ्याकडं बघत होती.

रेवणप्पांचा घसा दुर्बिणीनं सोलवटला होता. त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"ह्या? ह्या तुमच्या कोण लागतात?"

"कोण न्हाई लागत," रेवणप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग आवंढा गिळून बघितला. तो खाली गेला. "हिच्या घरी जेवतो मी."

जेवतो म्हणाले. औषध घेतो असं म्हणाले नाहीत. काशिनाथअण्णांनी आत्याकडं बघितलं, आत्यानं छताकडं.

"मग त्यांचंच ऐकत जा," डॉक्टर म्हणाला आणि गेला.

मी म्हणाले, "पुड्या कोंबड्यांनी खाल्ल्या. आता काय देऊ?"

अक्कांनी पदराखालून फडक्यातली भाकर काढली. त्यांनी ती लग्नाला निघताना घरून करून आणली होती, कुणाला न सांगता. वाळून खडंग झाली होती. मी तिचे बारीक तुकडे केले, पाण्यात बुडवले आणि एकेक अप्पांच्या हातावर ठेवले. अंघोळ नाही, पूजा नाही. ते चावत राहिले, चावत राहिले. सगळ्यांच्या देखत गिळलं. सगळे त्यांच्या छातीकडं बघत होते, जसं काही बाहेरून दिसणार होतं.

पुढं आमचं तसंच चालू राहिलं. घास तासातासाचे राहिले नाहीत, कातडं नीट धरलं तसे डॉक्टरनं सोडवले, पण दुपारी ते माझ्याकडं यायचे. कधी चहा, कधी भाकर. कारण सांगत नव्हते, मीही विचारत नव्हते. तिखट चाखणं मात्र त्यांनी सोडलं नाही. आत्या पुन्हा येसर कुटायला आली नाही.

त्यांना शेवटचं बघितलं ते बस स्टँडवर. हैदराबादला लेकीकडं कायमचे निघाले होते. खिडकीत बसले होते, कपाळाला ताजी विभूती. गाडी हलेना, चालक चहा प्यायला गेला होता. तेवढ्यात त्यांना एक ढेकर आला. मोठा, लांब, पहिल्यासारखा. शेजारचा प्रवासी सरकून बसला. रेवणप्पांनी दोन्ही डोळे उघडे आहेत का ते बोटांनी चाचपून बघितलं आणि खिडकीतून मला हाक मारली, "सोजर! ऐकलंस का?"

"सगळ्या स्टँडनं ऐकलं," मी म्हणाले. गाडी निघाली.

त्या जीपमध्ये आम्ही पाच जण होतो. काशिनाथअण्णा वर्षाच्या आत गेले, चालता चालता. त्यांचं कधी डोकं दुखलेलं नव्हतं. आत्या पावसाळ्यात पाय घसरून पडली ती उठली नाही. महादेवी अक्का तापानं गेल्या, दोन दिवसांत, म्हणूनच लेक अप्पांना न्यायला आली. मी आहे. रेवणप्पा जिवंत आहेत.